पाठमोरं

१

शालूचं माहेर पिंपळझिरा आणि सासर बडनेरा. नवरा अश्विन रेल्वेत, राहायला स्टेशनामागचं क्वार्टर. पण बापाचं वावर तिनं सोडलं नव्हतं. रोज सकाळी स्कूटी काढायची, पिंपळझिऱ्याला जायचं, भाजी तोडून दुपारच्या आत अमरावतीच्या बाजारात टाकायची, हा तिचा लग्नानंतरचा शिरस्ता. गावात तिच्याबद्दल म्हणत, ही बाई बैलाशीही वाद घालते आणि जिंकते. शालूला ते ऐकून बरं वाटायचं.

मागच्या सीटवर पुष्कळदा हमिदा असायची. दोघी एका वर्गातल्या. हमिदाचा आणि तिच्या नवऱ्याचा, जहीरचा, बडनेऱ्यात तेलाचा घाणा होता. घाण्याचं तेल घ्यायला आता अकोल्याच्या जठारपेठेतूनही माणसं यायला लागली होती. चांगला दाणा कुठं मिळेल याच्या शोधात ती शालूबरोबर शिवार बघत फिरे.

आणि शिवार बघताना शालू गप्प बसत नसे.

"हे रेडेपडी," ती स्कूटी चालवता चालवता हात करायची. "इथल्या विहिरीत रेडा पडला होता. माह्या आज्यानं काढला. ते खटल्याचं. दोघा भावांची कोर्टात जिंदगी गेली. अन् ते सासूचं."

"सासूचं काहून?"

"जावयाले आंदण दिलं अन् मरेपर्यंत स्वतःच वाहिलं."

हमिदा हसायची. शालूला या नावांचा खरोखर नाद होता. गावात वावराला सातबाऱ्यावरच्या नंबरानं कोणी ओळखत नाही, नावानं ओळखतात. आणि नाव आहे म्हणजे त्याला कारण आहे, असं तिचं ठाम मत. कारण सापडलं नाही तर शोधणाराच कमी पडला. आतापर्यंत तिला प्रत्येक नावाचं कारण सापडलेलं होतं.

त्या दिवाळीनंतर तिनं किसनरावांचं वावर मक्त्यानं घेतलं. हमिदाच्या घाण्यासाठी सूर्यफूल लावायचं ठरलं. वावर शिवाराच्या पूर्व टोकाला, नाल्याला लागून होतं. जमीन काळी, भुसभुशीत. नाव पाठमोरं.

"पाठमोरं काहून म्हणतात?" हमिदानं विचारलं.

"सांगते न," शालू म्हणाली. "पेरणी तर होऊ दे."

२

निंदणाला पार्बताबाईची टोळी होती. पार्बताबाई साठीच्या पुढची, तोंडानं फटकळ, हातानं झपाझप. तिच्या बाया निंदायला बसल्या की गप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. पाठमोऱ्यातही तसाच यायचा. कामात काही खोट नव्हती. तण मुळासकट निघत होतं, रोपाला धक्का लागत नव्हता.

शालू बांधावर उभी राहून बघत होती. बघता बघता तिला वाटलं, काहीतरी उलटं चाललंय.

बाया वावराच्या पूर्वेकडून निघायच्या आणि ओळ निंदत पश्चिमेला, गावाच्या दिशेला यायच्या. इथवर ठीक. ओळ संपली की माणूस काय करतं? वळतं, आणि शेजारची ओळ धरून परत जातं. या बाया वळत नव्हत्या. त्या शेजारच्या ओळीत सरकायच्या, आणि बसल्या बसल्याच मागं मागं सरकत पूर्वेला जायच्या. तोंड गावाकडंच. ओळीच्या शेवटी पोचल्या की पुन्हा पुढं. सगळ्याजणी. गप्पा मारत, हसत.

शालू खाली उतरली.

"पार्बतामावशी, अशा मांगं मांगं काहून सरकता? कंबर नाई का दुखत?"

पार्बताबाईनं विळा थांबवला. तिनं आपल्या पायांकडं पाहिलं, मग शेजारणीकडं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही लक्षात आल्यासारखं झालं आणि लगेच पुसलं गेलं.

"असंच बरं पडते इथं."

"कुठं? रेडेपडीत तर वळून जाता."

"हे रेडेपडी नाई न वं माय. हे पाठमोरं हाय. उतार तसा हाय त्याचा, गावाकडे पाठ करून. म्हणूनच नाव पडलं. चाल, काम करू दे."

उतार. शालूला ते पटलं. उताराच्या जमिनीत खालच्या बाजूला तोंड करून बसलं तर पोटावर ताण येतो. तिनं हमिदाला संध्याकाळी फोनवर कारण सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं तेव्हा ती नाल्याकडच्या पाइपापाशी उभी होती. पाणी दोन्ही बाजूंना सारखंच पसरलं. वावर ताटासारखं सपाट होतं.

३

किसनरावांचं कारण वेगळं होतं. म्हातारा अंगणात खाटेवर बसून संत्री सोलत असायचा. शालू त्यांना काका म्हणायची.

"माह्या आज्याचा चुलता होता. भावाशी भांडला अन् त्या वावरातून पाठ फिरवून जो गेला तो गेलाच. म्हणून पाठमोरं."

"पार्बतामावशी तर उतार म्हणते, काका."

"म्हणू दे. बाया काईबी म्हणतात."

शालू हसली, पण मनातून तिला ते आवडलं नाही. एका नावाची दोन कारणं म्हणजे खरं कारण कोणालाच माहीत नाही. मग तिनं स्वतःचं तिसरं काढलं. वारा. नाल्याकडून गार वारा येतो, थंडीचे दिवस, माणूस आपोआप वाऱ्याला पाठ देतं. बैलही देतात. किसनरावांचे बैल त्या बांधावर चरायला सोडले की सगळे शेपट्या पूर्वेला करून उभे राहत, हे तिनं पाहिलं होतं. झालं की मग.

पौष लागला तेव्हा एक दिवस असा आला की वारा अजिबात नव्हता. गावातल्या चुलींचा धूर सरळ वर चढत होता. बाया मागं मागं सरकत होत्या. बैलांच्या शेपट्या पूर्वेला होत्या. जेवणाची सुटी झाली तेव्हा बाया लिंबापाशी बसल्या. सावली झाडाच्या एका बाजूला होती, तरी त्या उन्हात बसल्या, कारण सावलीत खोडाला टेकून बसलं असतं तर नाल्याकडच्या, पूर्वेच्या कोपऱ्याकडं तोंड झालं असतं.

आणि मग शालूच्या लक्षात आलं की इतके दिवस तिनं स्कूटीही नेमकी गावाकडं तोंड करूनच लावली आहे.

याचा तिला रागच आला. आपलं डोकं आपल्या खांद्यावर आहे आणि कोणी ते हळूच वळवून ठेवतंय, ही कल्पनाच तिला सहन होईना. जेवण झाल्यावर ती ओळीत उतरली. पूर्वेच्या कोपऱ्याकडं नीट तोंड केलं. तिथं काही नव्हतं. बांध, बांधावर बोरीचं झुडूप, पलीकडं नाला. तिनं बैठक मारली आणि निंदायला लागली. "पायलं?" ती स्वतःशीच म्हणाली. मजेत निंदत राहिली. गवताची जुडी बाजूला टाकली, पुढं सरकली, पुन्हा जुडी टाकली. हाताला छान लय आली. घाम पुसायला तिनं मान वर केली.

समोर गावाची पाण्याची टाकी होती.

ती कधी वळली होती, तिला आठवत नव्हतं. तिनं खाली पाहिलं. निंदलेली ओळ तिच्या पुढ्यात होती. म्हणजे तीही मागं मागं सरकत आली होती.

"बरं पडते न असं?" शेजारच्या ओळीतून पार्बताबाई म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. खरंच विचारत होती.

४

सूर्यफूल जोमानं वाढलं. माणसाच्या डोक्याएवढं उंच झालं, आणि फुललं.

फुललेलं सूर्यफूल पूर्वेला तोंड करून थांबतं. कळी असेपर्यंत ते दिवसभर उन्हामागं फिरतं, पण एकदा फूल उमललं की मान ताठ होते आणि पूर्वेला धरून राहते. हे शालूला माहीत होतं, हमिदाला माहीत होतं, शिवारातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. म्हणून तिनं हमिदाला मुद्दाम सकाळी आणलं. ऊन अंगावर घेतलेलं वावर दाखवायचं होतं.

हमिदा स्कूटीवरून उतरली आणि बांधावरच थांबली.

"काय झालं? आवडलं नाई?"

"लय सुंदर हाय," हमिदा म्हणाली. "पर शालू, हे आपल्याकडे पाहून राहिले."

दोघी पश्चिमेच्या बांधावर, रस्त्याच्या बाजूला होत्या. सूर्य समोरून येत होता. आणि वावरातलं एकूण एक फूल सूर्याला पाठ करून, पिवळं तोंड त्यांच्याकडं करून उभं होतं.

"बियाणं खराब असंन," शालू म्हणाली.

"बियाणं खराब असलं तर फूल लहान होईन. पाठ नाई फिरवीन."

बडनेऱ्याच्या कृषी केंद्रातल्या माणसाला शालूनं फोटो दाखवला. तो म्हणाला, ताई, रोपटं आहे, घड्याळ थोडंच आहे. शालूनं हे उत्तर दोन-तीन दिवस वापरून पाहिलं. चौथ्या दिवशी तिला ते पुरेना. फुलं हलली असती तर तिला चाललं असतं. पण त्यांच्या माना मुळातच तशा घडल्या होत्या. वळलेल्या नव्हत्या. कळी धरल्या दिवसापासून त्यांनी पूर्व पाहिलीच नव्हती.

पिकाला मात्र काही धोका नव्हता. दाणा भरत होता. हमिदानं चार दाणे नखानं सोलून खाल्ले आणि म्हणाली, असं तेल तिच्या घाण्यानं पाहिलं नसेल.

"मग सोड न आता," ती म्हणाली. "कापून घेऊ अन् मोकळं होऊ. कोणतं नाव कोणतं काय, आपल्याले काय करायचं?"

"मले करायचं हाय," शालू म्हणाली.

५

तिचा बेत साधा होता. त्या कोपऱ्याकडं तोंड करून जाता येत नाही. चालायला लागलं की आपण भलतीकडंच निघतो, हे तिनं एव्हाना बरेचदा करून पाहिलं होतं. पण बाया तर मागं मागं सरकत रोज त्या बाजूला जातात. म्हणजे पाठ करून जाता येतं. मग तसंच जायचं. पार बोरीच्या झुडपापर्यंत.

"अन् पोचून काय करशीन?" हमिदानं विचारलं.

"हात लावून येईन."

हमिदाला हे अजिबात पसंत नव्हतं, पण शालूला एकटीला सोडणंही पसंत नव्हतं. ठरलं असं की हमिदानं वावराच्या मधोमध, गावाकडं तोंड करून उभं राहायचं, आणि शालूनं तिच्या मागून ओळीओळीनं मागं मागं जायचं. वाट चुकली तर आवाज द्यायचा. दुपारचं लख्ख ऊन होतं. रस्त्यावरून कोणाचा तरी ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

शालू निघाली. हमिदाची नारिंगी ओढणी काही वेळ फुलांच्या वर दिसली, मग देठांच्या गर्दीत मिटली. शालूच्या डोळ्यांसमोर आता फक्त फुलांच्या पाठी होत्या. हिरव्या, लवेच्या, थोड्या फुगीर. मधमाश्यांचा आवाज सगळीकडं भरला होता. टाच टेकवायची, ढेकूळ चाचपायचं, पाय ठेवायचा. भीती वाटत नव्हती. उलट तिला पोरपणीच्या खेळासारखी गंमत वाटायला लागली होती.

मग मधमाश्यांचा आवाज मागं पडला. म्हणजे पुढं राहिला. तिच्या पाठीशी तो नव्हता.

आणखी थोडं सरकली आणि तिची पाठ कशाला तरी टेकली.

झुडूप असतं तर काटे टोचले असते. बांध असता तर पोटरीला लागला असता. हे तिच्याएवढंच उंच होतं. कोमट होतं. खांद्याला खांदा, कंबरेला कंबर. आणि ते श्वास घेत होतं. लहानपणी बहिणीशी पाठीला पाठ लावून उंची मोजताना जसा दुसरीचा श्वास आपल्या फासळ्यांना कळतो, तसा.

शालूला हसू आलं. हमिदा मागून वळसा घालून आली होती तर. तिला एकटीला जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून आली आणि पाठ करून उभी राहिली.

"भेलीस न?" शालू म्हणाली. "बरं, तोंड तर कर इकडे."

"शालू?" हमिदाचा आवाज समोरून आला. लांबून, वावराच्या मधून. "काई बोलली का वं?"



शालूच्या पाठीला लागलेली पाठ हलली. आधी कणा तिच्या कण्यावरून सरकला. मग खांद्याचं हाड तिच्या पाठीवरून, हळूहळू, कोणी झोपेत कूस बदलावी तसं. मग दंड. मग तिच्या पाठीला काहीच लागत नव्हतं, आणि मानेवर, केसांच्या मुळाशी, तोच श्वास होता.

पळायचं नाही, एवढंच शालूनं ठरवलं. पळालं की पडतो आणि पडलं की वर बघावं लागतं. ती चालायला लागली. देठ बाजूला करत, सरळ, बाजारात उशीर झालेली बाई चालते तशी. मधमाश्या पुन्हा कानात आल्या. नारिंगी ओढणी दिसली.

हमिदा जागच्या जागी उभी होती. हात छातीशी धरलेले.

"चाल," शालू म्हणाली. "वळू नको. चाल."

रस्त्यावर आल्यावर हमिदानं तिच्याकडं पाहिलं. 

"शालू, तू गेलीच नव्हतीस न?"

"मंजे?"

"तू निघते म्हणाली अन् माह्या पाठीला पाठ टेकवून उभी राहिली. मले वाटलं, भेली असंन. मी तुले चिडवलं बी. मग तुहा आवाज आला. पार तिकडून." ती थांबली. "अन् माह्या पाठीवरचं ते सरकलं. म्हणून मी इचारलं, काई बोलली का."

६

शालूनं रात्र जाऊ दिली आणि सकाळी किसनरावांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. हमिदाही होती.

"काका, ते वावराचं नाव चुलत्यामुळं पडलं नाई."

किसनराव संत्रं सोलत राहिले. "पायलं का काई?"

"नाई."

"मंग ठीक हाय. पाठ लागली असंन. एखाद्या वेळेस लागते. त्याचं काई नाई. आमची पाठ त्याच्याकडे, त्याची आमच्याकडे. कोणाचं कोणाले लागत नाई. माह्या बापानं असंच वाहिलं, मीबी वाहिलं. चांगलं पिकते न?"

"पिकते."

"मंग?"

शालूला वाटलं, इथंच गप्प बसावं. पण गप्प बसणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"मी बोलली त्याच्याशी. मले वाटलं, हमिदा हाय. मी म्हणली, तोंड इकडे कर."

म्हाताऱ्याचे हात थांबले. संत्र्याचा रस बोटांवरून मनगटाकडं ओघळत गेला, तो त्यांनी पुसला नाही.

"अन् केलं?"

शालूनं होकारार्थी मान हलवली.

 किसनरावांनी दोघींना खाटेवर बसायला जागा केली आणि आपण जमिनीवर बसले. असं ते कोणासाठी करत नसत.

"नाल्याच्या पल्याड खरबीचं शिवार लागते," ते म्हणाले. "पल्याडचं पहिलं वावर डोमाजीचं. माह्याच वावरासारखी काळी जमीन. नाल्याचं पानी. पर डोमाजीनं पेरलं नाई, त्याच्या बापानं पेरलं नाई. पडीत. ढोरंबी जात नाईत. तुले त्याचं नाव माईत हाय?"

शालूला माहीत नव्हतं. ती दुसऱ्या गावची नावं.

"तोंडापुढचं."

"कोनाच्या तोंडापुढचं, चाचा?" हमिदानं विचारलं.

किसनरावांनी उरलेलं संत्रं दोघींच्या हातात ठेवलं.

"नाव ठेवणाऱ्यानं तेवढंच ठेवलं, माय. पुढचं त्यानं बी इचारलं नाई."

७

फाल्गुनात डोमाजी स्वतः पिंपळझिऱ्यात आला. नवा ट्रॅक्टर घेतल्यासारखा त्याचा चेहरा होता. पारावर बसून तो सगळ्यांना सांगत होता. खरबीतली ती पडीत जमीन त्यानं नांगरली. एक दिवस बांधावरून चालला होता, सहज आत पाय टाकला, काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. भुईमूग टाकलाय. बाया खुशीत कामाला येतात.

"एवढंच हाय," डोमाजी हसत म्हणाला, "की कामं करतात त्या मांगं मांगं सरकत. आमची पोरं तर आता त्या वावराले पाठमोरंच म्हणून राहिली. तुमचं नाव आमी पळवलं म्हणा न!"

लोक हसले. शालू भाजीच्या पोत्याला गाठ मारत होती. तिनं ती गाठ नीट मारली, पुन्हा ओढून पाहिली.

सूर्यफूल कापणीला आलं होतं. दुसऱ्या दिवशी पार्बताबाईची टोळी आली आणि बांधावर थांबली. भांडण नाही, नकार नाही. एकीनं पदर सारखा केला, दुसरीनं विळा या हातातून त्या हातात घेतला. कोणी पाय पुढं टाकेना. शेवटी पार्बताबाई म्हणाली, "आज नाई जमत आमाले. दुसरं वावर सांग. तीन वावरं सांग, येतो."

"कापणी हाय फक्त, मावशी. निंदण नाई."

"दिसून राहिलं मले," पार्बताबाई म्हणाली. तिची नजर स्वतःच्या चपलांवर होती.

शालूनं वावराकडं पाहिलं. सगळ्या फुलांनी माना खाली घातल्या होत्या. पाकळ्या गळालेल्या, चकत्या काळ्या पडलेल्या, एकूण एक मान जमिनीकडं. पिकलं की सूर्यफूल मान टाकतंच. दाण्याचं वजन असतं. यात काही वावगं नाही, हे तिनं स्वतःला सांगितलं, आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की ती फुलांच्या मुळांकडं बघत हे सांगते आहे.

पूर्वेच्या कोपऱ्याकडं बघायला आता काहीच अडत नव्हतं. मान आपोआप वळत नव्हती, पाय भलतीकडं जात नव्हते. बघायचं असतं तर ती बघू शकली असती. तिनं डोळे थोडेसे, अगदी ढेकळांवरून वर नेले. रांगेच्या पार शेवटी, देठांच्या मधल्या फटीत, बोरीच्या झुडपाच्या अलीकडं दोन पावलं दिसली. अनवाणी. बोटं तिच्याकडं वळलेली.

तिनं डोळे परत आणले.

त्या क्षणी वावर सोडून देता आलं असतं. पीक उभं वाळलं असतं. हमिदानं घाण्याच्या गिऱ्हाइकांना शब्द दिला होता, तो गेला असता. पण शालूनं हा विचार केला नाही. ती म्हणाली, "हमिदा, तुले यायचं असंन तर ये. मी चालली."

हमिदानं ओढणी डोक्यावरून पुढं ओढली, अल्लाचं नाव घेतलं आणि तिच्या मागं आत उतरली.

त्या दोघींनीच ते वावर कापलं. पुष्कळ दिवस लागले. एक ओळ कापायची, चकत्या पोत्यात टाकायच्या, पुढची ओळ धरायची. दोघी बोलत राहिल्या, घरच्या गोष्टी, बाजारच्या गोष्टी, शाळेतल्या बाईंच्या नकला. वर कोणी पाहिलं नाही. काही वेळा, पूर्वेच्या ओळींत, पुढच्या चकत्या कोणीतरी आधीच वाकवून धरल्यासारख्या सहज हातात यायच्या. तेव्हाही पाहिलं नाही. अंगावर कोणी आलं नाही, कोणी हात लावला नाही. तेल खरंच तसं निघालं, जसं हमिदा म्हणाली होती. जहीर म्हणाला, पुढच्या वर्षीही तिथलंच आणा.

सूर्यफूल पुन्हा लावलं नाही. पण शालूनं वावरही सोडलं नाही. पिंपळझिऱ्यात लोकांनी तिला वेड्यात काढलं, मग सवय झाली. आता ती तिथं मेथी, पालक, कोथिंबीर घेते. बसून तोडायची भाजी. डोळे हातापुढं ठेवायचे, काम करायचं, उठायचं आणि रस्त्यावर येईपर्यंत तसंच यायचं. तिला आणि हमिदाला ते आता अंगवळणी पडलंय. शालू अजूनही बाजारात आवाज चढवून बोलते, अजूनही वादात जिंकते. भीतीबद्दल कोणी विचारलं तर म्हणते, पाठीमागं असणाऱ्याची भीती वाटते, समोर असणाऱ्याशी वागता येते.

गेल्या हिवाळ्यात हमिदाची नवी सून गुलफाम हौसेनं वावर बघायला आली. अकोल्याची पोर, शिवारात कधी फारशी न फिरलेली. तिनं दोघींबरोबर मेथी तोडली. तिघी वाकून, सुरेख ऊन, मेथीचा वास.

"खाला, रस्त्यानं येताना तुम्ही सगळ्या वावरांची नावं सांगितली," ती शालूला म्हणाली. "याचं काय?"

"मानखाली," शालू म्हणाली.

"मानखाली? असं काहून?"

हमिदाचे हात थांबले. शालूचे थांबले नाहीत.

"इथं आमी सूर्यफूल लावलं होतं," तिनं ठामपणे सांगितलं. "पिकल्यावर सगळ्या फुलांनी माना खाली घातल्या होत्या. म्हणून पडलं नाव."

"हां, बरोबर," गुलफाम म्हणाली. तिला कारण पूर्ण पटलं. तिनं मेथीची जुडी बांधली आणि पुढच्या वाफ्याकडं सरकली. वावरात पाय ठेवल्यापासून तिनंही एकदासुद्धा मान वर केली नव्हती.